अजून एक हात

डोंगरापलीकडच्या एका गावात एक शिंपी राहायचा. पोटासाठी कपडे शिवायचा, पण जीव म्हणाल तर सगळा लाकडात! मशीन बंद केलं रे केलं की हा लगेच पडवीत, रंधा घेऊन. पाट काय, चौरंग काय, फणीपेटी काय! आणि प्रत्येक वस्तू अशी गुळगुळीत, की माशी बसली तरी घसरावी.

त्याच्या बायकोचे गुडघे फार दुखायचे. जमिनीवर बसली की उठता उठवायचं नाही. म्हणून त्याने तिच्यासाठी सागवानी खुर्ची करायला घेतली. आणि काय केलं माहितीये? चक्क कपड्याची टेप लावून तिच्या गुडघ्यापर्यंतचं माप घेतलं!

"अगंबाई, खुर्चीला पण माप?" ती लाजून हसली.

"मग! अख्ख्या गावाचं मापाने शिवतो, आणि तुला काय अंदाजाने बसवू?"

खुर्ची झाली. इतकी देखणी झाली! त्याने काचकागदाने घासून तिला लाखेचं पॉलिश लावलं.

"अहो, बसू का आता?"

"थांब गं. अजून एक हात मारतो."

तो हात वाळला, तर चमक कमी वाटली. परत घासलं, परत पॉलिश. ती विचारायची, "झालं का हो?" आणि याचं आपलं तेच, "अजून एक हात." ती बिचारी खालीच बसून वाल सोलायची आणि भिंतीला धरून धरून उठायची.

एकदा तो बाजाराला गेला. येऊन बघतो तर काय, खुर्चीच्या बैठकीवर, मऊ पॉलिशमध्ये कापडाची वीण उमटलेली! शिंपीच तो, बघताक्षणी ओळखलं. बायकोच्या लुगड्याची होती.

"वाट लावलीस सगळ्याची! जरा म्हणून धीर नाही तुला?"

"गुडघे फार ठणकत होते हो," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, वाळलं असेल."

 त्याने काचकागद घेतला आणि तो खसाखसा घासत सुटला. त्या विणीचा एक धागासुद्धा शिल्लक ठेवला नाही.

त्यानंतर तिने विचारणंच सोडलं.

पावसाळ्यात तिला ताप भरला. उतरेचना. एका सकाळी अंथरुणातूनच म्हणाली, "अहो, ती खुर्ची आणता का इथे? जरा दारात बसावंसं वाटतंय."

खुर्चीवर नुकताच एक हात दिलेला होता. शिंपी म्हणाला, "हवा किती दमट आहे बघ ना! पॉलिश वाळलं नाहीये अजून. छान ऊन पडू दे, मग बस की राणीसारखी."

"बरं," ती म्हणाली.

ऊन पडलं. अगदी लख्ख पडलं. पण ते बघायला ती नव्हती.

लोक भेटायला आले. पडवीत ती झगमगती खुर्ची होती, पण तिच्यावर बसायचं धाडस कोणालाच होईना. शेजारीण डोळे पुसत म्हणाली, "तुमचं किती कौतुक करायची ती! म्हणायची, एकदाच बसले गं, पण पाय कसे अगदी बरोबर टेकले. गुडघे आहेत हेच विसरले."

सगळे गेल्यावर शिंपी खुर्चीपाशी बसला. खाली, जमिनीवर. उन्हाकडे तोंड करून त्याने बैठक तिरकी धरली आणि ती वीण शोधू लागला. बोटांनी चाचपली, गाल टेकवून बघितली. कुठेतरी एखादा धागा, एखादी रेघ?

काही नव्हतं. त्याने काम फार चोख केलं होतं. आरशासारख्या त्या लाकडात त्याला दिसला फक्त त्याचाच चेहरा.

तात्पर्य: ज्याच्यासाठी वस्तू केली, त्याला ती लगेच वापरू द्या. डाग पडले तर पडू देत, पॉलिश नंतरही करता येतं.