उंबऱ्यातला प्रश्न

एकदा एक गुळाचा व्यापारी आपल्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन एका वृद्ध आचार्यांच्या आश्रमात आला. सगुणा तिचे नाव. ती मुकी नव्हती. पण गेल्या वर्षभरात तिने बोलणे जवळजवळ सोडून दिले होते.

"आचार्य, हिच्या बुद्धीला काहीतरी द्या," व्यापारी कळवळून म्हणाला. "ब्राह्मी झाली, वेखंड झालं. शेजारचं पोर पाढे म्हणतं आणि ही आपली ढिम्म!"

आचार्यांनी मुलीला जवळ बसवले आणि ते तिच्याकडे नुसते पाहत राहिले. ना मंत्र, ना मुळी. व्यापाऱ्याला एका मोठ्या सौद्यासाठी पुढे जायचे होते. संध्याकाळपर्यंत मुलीला इथेच ठेवतो, असे सांगून तो उठला. मुलीची नजर त्याच्या मागोमाग उंबऱ्यापर्यंत गेली, ओठ किंचित हलले आणि मिटले. त्याचे पाऊल उंबऱ्याबाहेर पडते न पडते, तोच आचार्यांनी खणखणीत आवाजात विचारले, "शेटजी, कुठे निघालात?"

आचार्यांजवळ बसलेला त्यांचा शिष्य चपापला. बाहेर पडणाऱ्याला 'कुठे' विचारू नये, काम फिसकटते, हे का गुरुजींना ठाऊक नाही? व्यापारी पाय आपटत मागे फिरला, अपशकुन टळावा म्हणून क्षणभर पाटावर टेकला, घोटभर पाणी प्याला आणि पुन्हा निघाला.

"पण कुठे?" आचार्यांनी पुन्हा विचारले.

"तुमचं वय बघून गप्प बसतोय मी!" व्यापारी कडाडला.

शिष्यालाही राग आवरेना. दारी आलेल्या दुःखी माणसाची ही कसली थट्टा? "गुरुजी, हे शोभत नाही आपल्याला," तो बोलून गेला.

"माझ्यावर मग रागव. आधी तिच्याकडे बघ."

सगुणाने दोन्ही तळहातांनी स्वतःचे तोंड घट्ट झाकून घेतले होते. प्रश्न विचारला होता आचार्यांनी, आणि मार चुकवत होती ती.

शिष्याचा राग तसाच राहिला. फक्त तो आता व्यापाऱ्याकडे वळला. "शेटजी, एवढ्याशा पोरीवर हात उचलता?"

"रोज थोडाच!" व्यापारी चाचरला. "नेमकी निघताना दारात उभी राहायची, 'बाबा, कुठे?' म्हणून. एकदा सौदा बुडाला, तेव्हा दिली तोंडात. मग आणखी एकदोनदा. वळण नको लावायला?"

आचार्यांचा आवाज प्रथमच चढला. "वळण? तोच प्रश्न मी दोनदा विचारला. माझ्या तोंडात मारलीत? नाही, मी मोठा ना! अहो, तिच्या जगातला सर्वांत मोठा माणूस उंबरा ओलांडतो आणि दिसेनासा होतो. तो जातो कुठे, एवढंच तिला कळायला हवं होतं. बुद्धी म्हणतात ती आणखी कशाला? आपल्या पायांनी दारात आलेली बुद्धी तुम्ही मारून पिटाळलीत, आणि आता माझ्याकडे मुळ्या मागता! उत्तर द्यायला तुमचं काय जात होतं?"

व्यापारी मुलीसमोर उकिडवा बसला आणि अडखळत सांगू लागला: नदीपलीकडचा बाजार, तिथे नेणारी नाव, गुळाच्या ढेपा, ढेपांवर घोंगावणाऱ्या गांधीलमाश्या. सगुणा ऐकत होती. हात काही तोंडावरून निघाले नाहीत. शेवटी डोळे पुसत तो उठला.

उंबऱ्याबाहेर पाऊल पडले तेव्हा मागून अगदी बारीक आवाज आला.

"गांधीलमाश्या राहतात कुठे?"

व्यापारी मागे फिरला. या वेळी त्याने पाणी मागितले नाही. मुलीजवळ खाली बसत तो म्हणाला, "मलाही ठाऊक नाही गं. चल, दोघं जाऊन बघू."