हाताची घडी आणि तरंगता दगड

एकदा एक तरुण शिक्षिका आपल्या लहानपणच्या गुरुजींना भेटायला गेली. समुद्राकाठचं तेच गाव, अंगणात पाण्याची तीच दगडी डोण. तिचा चेहरा मात्र पार उतरला होता.

"गुरुजी, मी नोकरी सोडतेय," ती म्हणाली. "तुम्ही करून घ्यायचात तोच प्रयोग मी वर्गात केला. दगड बुडवला, करवंटी तरंगवली, मग तिच्यात चिमूट चिमूट वाळू घालून तीही बुडवली. एकाही मुलानं प्रश्न विचारला नाही हो! मला शिकवताच येत नाही."

गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग कोनाड्यातला एक काळपट दगड घेऊन ते डोणीपाशी उभे राहिले आणि एकदम कडाडले, "हाताची घडी, तोंडावर बोट!"

एवढी मोठी बाई, पण लहानपणची सवय जाते थोडीच? बसली मुकाट्यानं. गुरुजी दगड पाण्यावर धरून बोलतच सुटले. घनता काय, प्लावक बल काय. दगड मात्र काही केल्या सोडीनात. बिचारीचा जीव कासावीस झाला. शेवटी न राहवून ती उठलीच.

"द्या हो तो इकडे!"

दगड हातात आला आणि ती चकित झाली. "अगं बाई, किती हलका हा!" तिनं तो पाण्यात सोडला, तर चक्क तरंगला. समुद्रातून वाहत आलेला, अंगभर बारीक छिद्रं असलेला दगड होता तो. तिनं तो खाली दाबला, तो पुन्हा वर आला. तिचे हात कोपरापर्यंत भिजले. याच डोणीभोवतीची ढकलाढकली, नखांत अडकलेली वाळू, ओला फ्रॉक पाहून आईनं घातलेला धपाटा, सगळं आठवलं. किती सुखाचे दिवस होते ते! तिचे डोळे भरून आले.

"पण गुरुजी, हा बुडत का नाही?"

"आला की नाही प्रश्न?" गुरुजी हसले. "तुझी मुलं कशी बसली होती गं?"

ती ओशाळली. "हाताची घडी घालून. वर्गात सांडलवंड नको म्हणून मीच..."

"प्रयोग तुझा बरोबरच होता. फक्त भिजलीस तू एकटी. आधी हाताला कळतं, मग तोंडाला प्रश्न फुटतो. तू दोन्ही बंद करून ठेवलीस. हा दगड घेऊन जा. राजीनाम्याचं उद्या संध्याकाळी बोलू."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आलीच नाही. शाळा सुटली तरी मुलं पाण्याच्या घमेल्याभोवतून हलत नव्हती, आणि कोपऱ्यात हाताची घडी घालून बसल्या होत्या त्या एकट्या बाई.