राणीचा चमचा आणि काळी साळुंकी

एका राज्यात एक काळी साळुंकी होती, आणि तिचा शब्द राजाच्या शब्दाहून वरचढ होता. कारण ती मेलेल्या माणसांच्या आवाजात बोलत असे. कुणाला ओकाऱ्या-जुलाब सुरू झाले की ती त्या घराच्या दाराच्या कमानीवर येऊन बसे आणि दिवंगत राजमातेच्या आवाजात सांगे, "पाणी तोडा. आत काही गेले नाही, तर बाहेर काय पडेल?"

राजमातेचा शब्द मोडायची कुणाची छाती? लोक मुकाट्याने पाणी तोडत. जुलाब थांबत खरे, पण माणूसही थांबे. कुवलया राणीचा थोरला मुलगा पुरंजय असाच पाणी पाणी करत गेला होता.

आता धाकट्या हेमांगीची पाळी आली. सकाळपासून ओकून आणि परसाकडे होऊन पोरीचे डोळे खोल गेले, जीभ कोरडी पडली. ती सुरईकडे हात करू लागली, तोच साळुंकी कमानीवर उतरली. राजाने मान खाली घालून सुरई उचलायला लावली.

पोरीला कडेवर घेऊन राणी ऐन माध्यान्ही वाड्यामागच्या, हडळीची म्हणून लोक टाळत त्या विहिरीवर गेली. विहिरीतून हडळ वर आली. तिचे पाय उलटे होते.

"माझी मुलगी वाचव," राणी म्हणाली.

"वाचवशील तूच. कामे तीन," हडळ म्हणाली. "मोठा तांब्या भरून पाणी उकळून निवव. त्यात सहा लहान चमचे साखर, सपाट. मीठ त्याच चमच्याने अर्धाच चमचा, तोही सपाट. चाखून पाहा, आसवांहून खारट नको. हे पहिले."

"दुसरे?"

"चमच्या-चमच्याने पाज. ओकली तर जरा थांब, पुन्हा सुरू कर. मागेल तेव्हा पेज दे. पण पोर निपचित पडली, गिळेनाशी झाली किंवा रक्त दिसले, तर घरी बसू नकोस. उचल आणि वैद्य गाठ."

"आणि तिसरे?"

"साळुंकी बोलेल. तुझा हात थांबू देऊ नकोस." एवढे सांगून हडळ पाण्यात उतरली. पाणी हलले नाही.

राणीने तसे पाणी केले आणि पोरीला मांडीवर घेऊन पाजू लागली. पहिलेच चमचे उलटून पडले. "पाहिलेस?" साळुंकी राजमातेच्या आवाजात म्हणाली. राणी जरा थांबली आणि तिने पुन्हा चमचा भरला.

मग साळुंकी खाली उतरली, अगदी राणीच्या कानाशी आली आणि पुरंजयच्या आवाजात म्हणाली, "आई, मला का नाही दिलेस?"

राणीला हुंदका फुटला. चमच्यातले अर्धे पाणी पदरावर सांडले. पण उरलेले अर्धे हेमांगीच्या तोंडात गेले. त्यामागून दुसरा चमचा गेला, मग तिसरा.

उन्हे कलली तेव्हा राणीच्या मांडीला ऊब लागली. पोरीने लुगडे भिजवले होते! सकाळपासून तिला एकदाही लघवी झाली नव्हती. राणी ओलेत्यानेच हसली आणि हसता हसता रडली.

"आई, आता मला," साळुंकी पुरंजयच्याच आवाजात म्हणाली.

राणीने चमचा भरून पुढे केला. साळुंकी शेवटच्या थेंबापर्यंत प्याली, पंख झटकले आणि चारचौघी साळुंक्यांसारखी किलबिलत उडाली. त्या राज्यात मेलेले पुन्हा बोलले नाहीत आणि आजाऱ्याचे पाणी पुन्हा कुणी तोडले नाही. राजाने सुरई स्वतः उचलून आणली आणि राणीसमोर ठेवली. राणीने त्याच्याकडे पाहिले नाही.