गोदाक्काची झाकणपोळी

फार वर्षांपूर्वी नाही, अलीकडेच, एका रानात एक अस्वल राजा झालं. राजा झाल्यावर ‘झालं’ म्हणणं बरं दिसेना, म्हणून ‘झाले’ म्हणायचं ठरलं. तर, एका रानात एक अस्वल राजा झाले. त्यांचं नाव भल्लूकराव.

त्या रानात ऊन असं पडतच नसे. आभाळ ओल्या गोधडीसारखं खाली लोंबत असे आणि त्यातून दिवसभर झिमझिम गळत राही. धो धो कोसळून एकदाचं मोकळं होईल, तर तेही नाही. बिळांच्या भिंतींना बुरशी, घरट्यांना कुबट वास, आणि बेडूक सोडले तर सगळ्यांची तोंडं लांब. म्हणून निवडणुकीत भल्लूकरावांनी एकच वचन दिलं, “मला निवडा, ऊन आणतो.” बेडकांच्या जाहीरनाम्यात होतं, की पाऊस आहे, तर बिळं उंचावर हलवू. हे ऐकायला फारच निराशाजनक वाटलं. बेडकांची अनामत जप्त झाली.

निवडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी भल्लूकरावांनी ऊन जाहीर केलं.

यात महाराजांनी कोणाला फसवलं असं म्हणता येणार नाही. त्यांच्या अंगावर इतके दाट केस होते, की पाऊस कातडीपर्यंत पोचतच नसे. त्यांना मनापासून कोरडं वाटायचं.

पुढचं काम धनेशपंतांचं. तोंडाला भली मोठी चोच आणि चोचीवर आणखी एक चोच ठेवल्यासारखा टोप, असा तो पक्षी शिष्टाचार मंत्री झाला होता. त्यानं नियम केले. भेटल्यावर “काय सुरेख ऊन पडलंय!” म्हणायचं, समोरच्यानं “डोळे दिपले!” म्हणायचं. भिजलेल्याला घामाघूम म्हणायचं. डोक्यावर पान धरायला हरकत नाही, पण ते उन्हासाठी धरलंय असं तोंडावर दिसलं पाहिजे. दरबारात वर पाहायचं नाही. बेडकांनी अवेळी ओरडायचं नाही. ‘घरोघरी ऊन, मनोमनी ऊन’ ही घोषणा झाडाझाडांवर लिहिली गेली. रंग धुऊन जाई, म्हणून ती रोज नव्यानं लिहावी लागे, आणि त्यामुळे पुष्कळ माकडांना रोजगार मिळाला.

या रानात वेणू नावाची एक काटेरी साळू राहत असे. तिची आई गोदाक्का राजवाड्यात स्वयंपाकीण होती. एकदा रात्रंदिवस गळून ओढ्याचं पाणी त्यांच्या बिळात शिरलं. गोदाक्कानं आधी पिठाचं मडकं वर काढलं, मग वेणूला वर ढकललं. तिसरी खेप, स्वतःला वर काढायची, तिला वेळेत जमली नाही. पाणी ओसरलं, पण अंगातली थंडी ओसरली नाही. मग ताप आला. “वेणे, मडक्यावर झाकण टाक गं, पीठ दमट होतं,” असं म्हणाली, आणि त्यानंतर काही म्हणाली नाही.

आता या रानाची एक रीत होती. घरातलं कोणी गेलं की लेकीनं झाकणपोळी भाजायची. म्हणजे जाड कणकेची वाटी करून तिच्यात रताळं, आठळ्या आणि मधाचं सारण भरायचं, वर कणकेचंच झाकण बसवायचं, आणि खाली-वर निखारे ठेवून ती सावकाश भाजायची. मग राजानं यायचं, झाकण फोडायचं, आणि सगळ्यांदेखत म्हणायचं, “अमुक गेली.” तोवर कोणी भेटायला येत नसे, गेलेल्याचं ताट मांडायचं थांबत नसे, आणि लेकीला रडायची मुभा नसे. राजानं म्हटलं की सगळं सुरू होई. भल्लूकरावांच्या आधीचा राजा म्हणजे एक म्हातारा सांबर, याच निवडणुकीत हरलेला. त्याचं दुसरं काही विशेष नव्हतं, पण तो प्रत्येक दारी जायचा. पोळीचा पहिला तुकडा त्याला कधी गिळवत नसे, असं म्हणतात. राजवाड्यात मात्र भल्लूकरावांना झाकणपोळी आवडायची म्हणून ती एरवीही होई. तिथे ते पक्वान्न होतं.

वेणूला बाकी काही नको होतं. तिला ते दोन शब्द हवे होते.

ती धनेशपंतांकडे गेली. तिच्या अंगावरून पाणी निथळत होतं.

“या वेणूबाई! किती घाम! काय सुरेख ऊन पडलंय!”

“डोळे दिपले,” वेणू म्हणाली. “पंत, आई गेली. महाराजांना आमच्याकडे यायला सांगा.”

“अरेरे. कशानं?”

“बिळात पाणी शिरलं.”

“कुठून?”

वेणूनं वर पाहिलं. पंतांनी घाईनं चोच आडवी धरून तिची नजर खाली आणली.

“पाणी शिरायला पाऊस लागतो, बाई. पाऊस तर नाही. मग आई पाण्यानं कशा जातील?”

“मग उन्हानं गेली असं लिहा.”

“म्हणजे महाराजांचं ऊन जीव घेतं असं म्हणायचंय तुम्हाला?” पंतांनी चोच वासली. “हे माझ्यापाशी बोललात ते बरं झालं.”

“मग वयानं गेली म्हणा.”

“वयानं जायला काळ जावा लागतो. महाराज आल्यापासून काळ थांबलाय, असं कालच्याच भाषणात आहे. सुवर्णकाळ आहे ना.” पंत जरा मऊ झाले. “असं बघा, कारणच नसेल तर त्या गेल्या असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? जिवंत असण्याला कारण लागत नाही. ते सोयीचं पडतं.”

वेणू परत आली. वाटेत शेजारची घूस, भागूमावशी, डोक्यावर पान धरून उभी होती. पान उन्हासाठी आहे असं तोंडावर दाखवताना तिची फार तारांबळ होत होती.

“काय म्हणाला गं तो दोन चोचींचा?”

“आई आहे म्हणाला.”

“कुठे?”

“ते नाही सांगितलं.”

भागूमावशीला तिला जवळ घ्यायचं होतं. पण राजानं म्हटल्याखेरीज भेटायची रीत नव्हती, आणि साळूला जवळ घेणं एरवीही सोपं नसतं. ती नुसती म्हणाली, “मग पोळी घेऊनच जा दरबारात. राजा खायला लागला की तोंडातून निघेल. खाताना तो काहीही बोलतो.”

वेणूनं पोळी करायला घेतली. पीठ आईनं वर काढलेलंच होतं. सरकारी कोठारातून ‘वाळलेली लाकडं’ मिळाली. त्यांतून शेवाळ काढावं लागलं. आईनं कणकेत किती पाणी घालायचं हे कधी सांगितलं नव्हतं. ती परातीत हात घालून, मान कलती करून बसायची, जणू कणीकच काहीतरी सांगतेय. वेणूनंही मान कलती करून पाहिली. कणीक काही बोलली नाही. वाफेसाठी झाकणाला भोक पाडायला कोनाड्यात आईचा एक गळलेला काटा ठेवलेला असे. तो हातात धरून वेणू बराच वेळ बसली. धूर फार होता, त्यामुळे डोळ्यांचं काही विशेष वाटायला नको.

दरबाराच्या दाराशी पंतांनी सूचना दिल्या. “काटे चापून. चेहरा प्रसन्न. वर बघायचं नाही. आणि महाराजांनी विचारल्याशिवाय मरणाबिरणाचं काढायचं नाही. शोभत नाही.”

छत गळत होतं. दरबारी मंडळी घाम पुसत होती. भल्लूकराव सिंहासनावर कोरडेठाक बसले होते आणि त्यांची नजर पोळीवर होती.

“वा! कसला सण?”

“आईचा निरोप आहे, महाराज,” वेणू म्हणाली.

“गोदाक्का कुठे निघाल्या?”

वेणूनं तोंड उघडलं. पण पंत मध्येच म्हणाले, “उन्हात, महाराज!”

“उत्तम! त्यांनाही घेऊ द्या ऊन. आयुष्यभर चुलीपुढे बसल्या.” महाराजांनी पंजा उगारला आणि झाकण फोडलं. काटे चापून ठेवायला वेणूला दोन्ही हात लावावे लागले.

महाराज म्हणाले, “आमच्या राज्यात सगळे सुखरूप आहेत.”

आणि त्यांनी पोळी खाल्ली. सगळी खाल्ली. तळाची करपलेली कड खाल्ली, पानाला चिकटलेला मध चाटला. मग बोटं पुसत म्हणाले, “पंत, अशी निरोगी बाई! हिचा सत्कार झाला पाहिजे.”

त्याच दिवशी गोदाक्काला ‘आरोग्यमूर्ती’ हा किताब जाहीर झाला. दवंडी फिरली, की गोदाक्कांनी महाराजांचे आभार मानले असून, आपल्या दीर्घायुष्याचं श्रेय त्यांनी उन्हाला दिलं आहे. त्यानंतर त्यांना हवामान समितीवर घेतलं. समितीच्या बैठकीत त्यांनी एकदाही विरोध केला नाही, याचं फार कौतुक झालं. एवढंच एक कमी पडलं, की वाड्यातल्या चुलीपाशी त्या येत नव्हत्या. तेव्हा गैरहजेरीबद्दल गोदाक्कांच्या वाट्याचं धान्य बंद झालं. पण त्या हयात असल्यामुळे कोठारात भरायचा त्यांचा हिस्सा चालू राहिला. तो वेणूनं भरायचा होता.

कोठारवाले आले आणि मडकं घेऊन गेले. झाकण तेवढं ठेवून गेले.

वेणू रोज दोन ताटं मांडत राहिली. दुसऱ्या ताटावर काय वाढायचं हा प्रश्न होता, पण पहिल्यावरही तोच होता. एके सकाळी भागूमावशी बिळाच्या तोंडाशी आली आणि मूठभर नाचणीचं पीठ ठेवून म्हणाली, “मी भेटायला नाही आले हं. पीठ सांडलं माझं.”

“मावशी, हे कशाला?”

“सांडलं म्हणते ना.”

मग सशाचं एक रताळं सांडलं. माकडिणीच्या आठळ्या सांडल्या; ती घोषणा रंगवायच्या कामावरून थेट आली होती, हात अजून पिवळे होते. एका म्हाताऱ्या बेडकानं मधमाश्यांच्या पोळ्याचा तुकडा आणला, त्यात थोडा मध होता. तो म्हणाला, “मला ओरडायची बंदी आहे, चालायची नाही.” निखाऱ्यांसाठी सुकं लाकूड कुठेच नव्हतं, तेव्हा भागूमावशीनं आपली बाज मोडून आणली.

“अहो, निजाल कशावर?” वेणूनं विचारलं.

“ओल्यातच निजते की. सॉरी, घामात.”

पोळी भाजून झाली. फार फुगली नव्हती, एका अंगानं कच्चीच होती. सगळे तिच्याभोवती गोल उभे राहिले आणि मग एकमेकांकडे बघू लागले.

“आता म्हणायला राजा कुठून आणायचा?” ससा कुजबुजला.

“तो सांबर असता तर,” माकडीण म्हणाली.

“असता तर असता तर काय करतेस?” ससा म्हणाला. “त्याला मत दिलं होतंस का?”

“तू दिलं होतंस?”

कोणीच दिलं नव्हतं. वेणूनं हात पुढे केला आणि झाकण फोडलं. आतून वाफ वर गेली आणि तिच्यामागोमाग वेणूनं सरळ आभाळाकडे पाहिलं.

“माझी आई गेली,” ती म्हणाली. “पावसानं गेली.”

तिचे काटे उभे राहिले. सगळे, मानेपासून शेपटीपर्यंत, आणि त्यांच्या टोकाटोकाला पाण्याचा थेंब होता. कोणी “काटे चापून” म्हणालं नाही. भागूमावशीनं डोक्यावरचं पान खाली टाकलं.

“गेली गं बाई,” ती म्हणाली. “गोदाक्का गेली.” आणि काट्यांची पर्वा न करता तिनं वेणूला जवळ घेतलं. तिला बरेच टोचले. “आई गं! मेले! नाही, मेले नाही. तू रड.”

वेणू रडली. इतक्या दिवसांचं होतं, त्यामुळे वेळ लागला. मग पोळी वाटली. मोठाला तुकडा तोंडात धरून, गिळता न आल्यामुळे तसाच उभा राहून, ससा म्हणाला, “आमचा धाकटाही गेलाय. थंडीत. आम्ही तो मामाकडे आहे म्हणून सांगतो.”

माकडीण म्हणाली, “आमची आजी. बरेच दिवस झाले. ती समितीवर नाही एवढंच.”

म्हाताऱ्या बेडकानं आपले गेलेले बोटांवर मोजायला घेतले. दोन्ही हातांची बोटं संपली.

वेणूच्या चुलीतला विस्तव त्या दिवशी घरोघरी गेला. कोणी पान झाकून नेला, कोणी करवंटीत नेला. कोणाकडे रताळं नव्हतं, त्यांनी कंदमुळं घातली. ज्यांच्याकडे पीठ नव्हतं त्यांनी उसनं आणलं. राजाची वाट कोणी पाहिली नाही. ज्याची त्यानं झाकणं फोडली आणि ज्याची त्यानं नावं घेतली. रानातल्या प्रत्येक बिळातून, ढोलीतून, जाळीतून धूर वर निघाला, आणि त्याच्याबरोबर भाजलेल्या कणकेचा वास.

धनेशपंत वरून उडत चालले होते. त्यांनी तो वास घेतला, धूर पाहिला, आणि तसेच वाड्याकडे वळले.

दुसऱ्या दिवशी महाराजांनी सभा बोलावली. सगळं रान मैदानात उभं राहिलं, निथळत. भल्लूकराव मचाणावर चढले.

“बंधूंनो आणि भगिनींनो! काय सुरेख ऊन पडलंय!”

“डोळे दिपले,” मैदान म्हणालं. डोळे खरोखरच लाल होते.

“सांबराच्या राजवटीत वर्षाकाठी कुठेतरी एखादी झाकणपोळी भाजली जायची. आठवतंय ना? एखादी! तीही लोक रडत खायचे. आणि आज? आज मी अभिमानानं सांगतो, या रानात असं एकही घर उरलेलं नाही, जिथे झाकणपोळी झाली नाही! घरटी एक! काही भाग्यवान घरांत दोन, तीन! याला म्हणतात सुबत्ता!”

पंतांनी पंख फडफडवून टाळ्यांची खूण केली. टाळ्या झाल्या. मैदानात चिखल असल्यामुळे त्यांचा आवाज जरा पचपचीत आला.

भागूमावशी वेणूच्या कानाशी लागली. “बघ मेला किती खोटं बोलतोय.”

वेणूनं आजूबाजूला पाहिलं. ससा होता, ससीण होती, धाकटा नव्हता. माकडीण एकटीच होती. बेडकाच्या शेजारी बरीच जागा मोकळी होती.

“नाही मावशी,” ती म्हणाली. “आकडा बरोबर आहे.”