हुंकारकड्याखालचे कॉलेज

खडकमाळच्या सरकारी विधी महाविद्यालयाला दोन कमानी आहेत आणि एकाही कमानीला दार नाही. उन्हे वर आली की पूर्वेच्या कमानीतून मेंढरांचा कळप आत शिरतो, पटांगण ओलांडतो आणि पश्चिमेच्या कमानीतून खाली पाण्याच्या कुंडाकडे उतरतो. धूळ उडते, घंटा वाजतात, कोकरे ओरडतात. तेवढा वेळ वर्गातले शिकवणे थांबते. बदलून आलेले प्राध्यापक पहिले काही दिवस कपाळाला आठ्या घालतात. पुढे तेही त्या वेळी पाणी पिऊन घेतात.

इमारतीच्या पाठीशी काळा, ताठ कडा आहे. त्याला हुंकारकडा म्हणतात. कड्याच्या पायथ्याशी दोन दगड आहेत, एक उंच आणि एक बुटका. दर वर्षी नवी मुले आली की माथ्यावरच्या मेंढपाळांच्या मदनेवस्तीतले तात्याबा मदने त्यांना इथे बसवून दगडांची हकीकत सांगतात. अट एकच, ऐकताना हुंकार द्यायचा. मुले गप्प राहिली तर तात्याबा थांबतात आणि विचारतात, "काय रं, झोपला का समदी?"

ते सांगतात ती हकीकत अशी.

कॉलेज नवे निघाले तेव्हा ते या जागी नव्हते. बाजारपेठेत धान्याचे एक रिकामे सरकारी गोदाम होते, त्यात ते भरायचे. या मुलखात तोवर कायद्याचे शिक्षण नव्हते. कज्जा निघाला की लोक जिल्ह्याच्या गावाला जायचे, नाहीतर गप्प बसायचे. गप्प बसणारेच जास्त. गावात चेष्टा चालायची, "गोदामात आधी उंदीर होते, आता वकील व्हायला लागलेत."

त्या पहिल्या तुकडीत प्रभावती कासार नावाची मुलगी होती. बाप बांगड्या भरायला गावोगाव फिरायचा. मुलीचे अक्षर मोत्यासारखे, आणि पुस्तकातली भाषा तिच्या जिभेवर अशी बसली होती, की ती घरी पाणी मागायची तरी अर्ज केल्यासारखे वाटायचे, म्हणे.

त्याच साली गावच्या इनामदारांनी कड्याखाली डाळिंबाची बाग लावली आणि मदनेवस्तीवरून कुंडाकडे येणारी वाट बाभळीची काटी टाकून बंद केली. दुसरी वाट डोंगराला वळसा घालून, घसरणीची. कोकरे गडगडू लागली. उन्हाळा तोंडावर होता. वाट मोकळी झाली नाही तर वस्तीला डोंगर सोडावा लागणार, हे सगळ्यांना दिसत होते.

वस्तीतल्या सगुणाबाई मदने, तात्याबांची आजी, एक दिवस गोदामाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हितं कायदा मिळतो म्हणं. आमास्नी एक वाट पायजे."

मुलांना हर्ष झाला. पुस्तकातले प्रकरण चालत दारात आले होते. प्राचार्य दाभोळे यांनी अर्ज लिहायचे काम प्रभावतीला दिले. म्हातारीने दोन वाक्ये सांगितली नाहीत तोच प्रभावती म्हणाली, "आलं लक्षात, आजी." आणि तिने लिहायला घेतले. सदर वहिवाट अनादि कालापासून अखंड, अबाधित व निर्वेध आहे. वर्गाने वाहवा केली. सगुणाबाईंनी अंगठा उमटवला. लिहिलेले वाचून दाखवावे, असे कुणाच्या मनातही आले नाही.

तहसील कचेरीत सुनावणी झाली, तेव्हा प्रभावती मागे भिंतीला टेकून उभी होती. तहसीलदारांनी म्हातारीला शपथ दिली आणि विचारले, "ही वाट तुम्ही कधीही खंड न पडता वापरत आलात, असं अर्जात आहे. खरं ना?"

"न्हाई," सगुणाबाई म्हणाल्या. "थोरल्या दुष्काळात आमी समदी खाली गेलतो जगायला. तवा कोन चालनार?"

"मग अर्जात तसं का लिहिलंय?"

"त्यात काय लिवलंय ते मला काय ठावं? माजं त्यात कायच न्हाई. मी खोटी शपथ कशी घिऊ, बाबा?"

जिल्ह्याहून आलेले इनामदारांचे वकील मोठ्याने हसले. "कॉलेजात कायदा शिकवतात की कादंबरी लिहायला?" कचेरीभर हशा पिकला. तहसीलदारांनी पुढची तारीख दिली. सुधारलेला अर्ज आणा म्हणाले, आणि जागेवर येऊन पाहतो म्हणाले. तेवढाच धागा उरला.

प्रभावती दुसऱ्या दिवशी सकाळीच डोंगर चढली. वाटेत, काटी टाकली होती तिथे, तिच्या साडीला काटे लागले. सगुणाबाई कड्याच्या टोकाला लोकर पिंजत बसल्या होत्या. त्या रागावल्या नव्हत्या. उलट त्यांनी गूळपाणी दिले. प्रभावतीने ते तसेच खाली ठेवले.

"आजी, चुकलं माझं. पुन्हा सांगा."

"सांगते की. पन तू हुंकार दे. त्या दिशी तू हुंकारच दिला न्हाईस. मला वाटलं, ह्या पोरीला आधीच समदं म्हाईत हाय."

सगुणाबाई सांगू लागल्या. आपण लग्न होऊन आलो ते याच वाटेने. इनामदारांचे बैलही याच वाटेने कुंडावर यायचे. दुष्काळात कुंड आटले, वस्ती खाली गेली, पाऊस पडल्यावर परत आली आणि वाट तिथेच होती. प्रभावती हुं, हुं म्हणत राहिली. जन्मात पहिल्यांदाच ती इतका वेळ मधे न बोलता बसली असेल.

मग सगुणाबाई म्हणाल्या, "आता तू सांग. हुंकार मी देते."

प्रभावती एकेक वाक्य म्हणू लागली. जिथे म्हातारीने हुंकार दिला तिथे वाक्य राहिले. जिथे ती गप्प बसली तिथे प्रभावतीने ते सोडून दिले आणि पुन्हा विचारले. अनादि गेले, अखंड गेले, निर्वेध गेले. आणि असे सांगतात, की म्हातारीने हुं म्हटले की खालून कडाही हुं म्हणायचा, आणि ती गप्प राहिली की कडाही गप्प. प्रभावतीने तिथेच कड्यावर हात ठेवला आणि शपथ घेतली, "ज्याचं दुखणं त्यानं हुंकार दिल्याशिवाय मी कागदावर ओळ ठेवणार नाही."

जागेच्या पाहणीला सगळा गाव लोटला. काटीच्या अलीकडे तहसीलदार खुर्ची टाकून बसले. पलीकडे इनामदार, त्यांचे वकील, आणि सावलीत लावलेल्या छकड्यात इनामदारांच्या आईसाहेब. बाग पाहायची म्हणून त्या हट्टाने आल्या होत्या. नजर अधू झालेली, पण कान तिखट.

तहसीलदारांनी नवा अर्ज वाचायला सांगितला. प्रभावती मोठ्याने, सावकाश वाचू लागली. "माझं नाव सगुणा. मी लग्न होऊन आले ती या वाटेने." सगुणाबाईंनी हुंकार दिला. वस्तीने दिला. कड्यानेही दिला. वकील म्हणाले, "हे काय, कीर्तन आहे का?" तहसीलदारांनी हात वर केला आणि वाचन पुढे चालले.

"दुष्काळात आम्ही ही वाट चाललो नाही. कुंडात पाणी नव्हतं. त्याआधी इनामदारांचे बैल आणि आमची मेंढरं एकाच वाटेनं पाण्यावर यायची."

"हुं," असा आवाज आला. तो वस्तीतून नव्हता. तो छकड्यातून आला होता.

सगळ्यांच्या माना वळल्या. इनामदार दबक्या आवाजात म्हणाले, "आईसाहेब, तुम्ही गप्प बसा."

"मी कुठं काय बोलले?" म्हातारी म्हणाली. "खरं सांगणाऱ्याला हुंकार दिला, एवढंच. तुझे वडील स्वतः बैल घेऊन यायचे इथनं. मीच भाकरी द्यायला यायची. सगुणा, तू आहेस का गं तिथं? तुझ्या कोकरानं माझा पदर खाल्ला होता."

"व्हय आईसाब, मीच!" सगुणाबाई म्हणाल्या. "हिरवं लुगडं हुतं."

"तेच. अजून जपून ठेवलंय मी ते."

लोक हसले, आणि या वेळी ते हसू कुणाला लागले नाही. तहसीलदारांनी छकड्याजवळ जाऊन आईसाहेबांचा जबाब घेतला. लिहिल्यावर तो त्यांना वाचून दाखवला आणि प्रत्येक वाक्याला हुंकार येईपर्यंत थांबले. इनामदारांचे वकील चष्मा पुसत राहिले. निकाल लागायच्या आधीच इनामदारांच्या गड्यांनी काटी ओढून बाजूला केली, म्हणे. कुणी सांगितले ते कुणालाच ठाऊक नाही. त्या दिवशी मेंढरे कुंडावर उतरली ती अंधार पडेपर्यंत पीत होती.

पुढे आईसाहेबांनी मुलाच्या मागे लागून कड्याखालची जमीन कॉलेजला देववली. वाटेला दार लावायचे नाही, एवढी एकच अट घातली. गोदामातले कॉलेज इथे आले. प्रभावती शिकून याच मुलखात वकील झाली. जिल्ह्याच्या गावी जाऊन बसली नाही. गप्प बसणारी माणसे हळूहळू खडकमाळची वाट धरू लागली. आईसाहेब आणि सगुणाबाई पुढे कड्याखाली बसून बोलत, त्या जागेची खूण म्हणून हे दोन दगड मांडले, असे कुणी सांगतात. कुणी म्हणतात, दगड आधीपासूनच होते.

आजही बाजाराच्या दिवशी आसपासच्या वाड्यांतली माणसे आपली गाऱ्हाणी घेऊन येतात. ज्याचे गाऱ्हाणे तो उंच दगडावर बसतो, विद्यार्थी बुटक्यावर. आधी विद्यार्थी हुंकार देत ऐकतो, मग लिहितो, मग वाचतो आणि थांबतो.

परवाच एका पोराने एक भारदस्त वाक्य वाचले आणि वर पाहिले. समोरचा म्हातारा शांतपणे पटका नीट करत बसला होता. पोराने वाक्य खोडले, डोके खाजवले आणि विचारले, "बाबा, मग नेमकं काय झालं होतं?"

म्हाताऱ्याने सांगितले. पोराने ते तसेच लिहून वाचले. म्हातारा म्हणाला, "हुं." तेवढ्यात पूर्वेच्या कमानीतून मेंढरे आत शिरली, पण त्या गलबल्यातही कड्याचे उत्तर दोघांनी ऐकले.