झऱ्याला दिलेला आशीर्वाद

एकदा एका व्यापाऱ्याने मुलाच्या लग्नात एका वृद्ध आचार्यांकडे आशीर्वाद मागितला आणि तो त्याला मिळाला नाही. आयुष्यात मागून न मिळालेली ही त्याची पहिलीच वस्तू असल्यामुळे त्या गोष्टीचा बराच बोभाटा झाला.

आचार्य गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याशी राहत. डोंगरातून एक झरा निघे आणि आश्रमाशेजारच्या दगडी कुंडात पडे. सारे गाव त्या पाण्यावर जगे. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत झऱ्याची धार मांडीएवढी होती. पुढे गाव वाढले. घरे वाढली तशी शेते डोंगर चढू लागली. शेतांसाठी झाडे खाली आली, झाडांच्या मागोमाग माती खाली आली, आणि धार आधी मनगटाएवढी व मग करंगळीएवढी झाली. गावात माणसे फार झाली ही तक्रार सर्वांचीच होती. मात्र प्रत्येकाच्या मते ही जास्तीची माणसे शेजाऱ्याच्या घरात होत होती.

आचार्यांचा एक शिष्य होता. आईबाप लवकर गेल्यामुळे धाकट्या बहिणीला, भामाला, त्यानेच वाढवले होते. व्यापाऱ्याने आपल्या मुलासाठी तिला मागणी घातली तेव्हा भावाच्या डोक्यावरचे ओझे उतरले. आता एवढाच विधी उरला होता की नववधूने आचार्यांना नमस्कार करायचा, त्यांनी 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' म्हणायचे आणि मग तिने सासरचा उंबरठा ओलांडायचा. हा आशीर्वाद न मिळालेली वधू गावात कोणी पाहिलेली नव्हती. तरी अशा वधूचे काय करायचे, याबद्दल कोणाच्याही मनात शंका नव्हती. तिला माहेरी परत धाडायचे.

वरात आश्रमात आली. भामा वाकली. आचार्य काही बोलेनात.

"आचार्य, सून वाकली आहे," व्यापारी म्हणाला.

"दिसतंय मला."

"मग?"

"जरा थांबा, शेठ. आधी दुसऱ्या एकाला द्यायचा राहिलाय."

आचार्यांनी काठी घेतली आणि ते कुंडाकडे चालू लागले. त्यांच्यामागे वरात निघाली. अशा वेळी वाजवायचे की नाही हे माहीत नसल्यामुळे वाजंत्र्यांनी थोडे वाजवून पाहिले आणि ते गप्प झाले. कुंडावर बायकांची रांग होती. आचार्यांनी झऱ्याच्या ओल्या खडकावर उजवा हात ठेवला आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "अष्टधारो भव!"

व्याकरण निर्दोष होते. पाणी वाढले नाही.

आचार्य शेजारच्या दगडावर बसले. "बसा सगळे. याच्या आठ धारा झाल्या की लगेच सूनबाईंना आठ पुत्र देतो. शब्दात बळ असेल तर ते दोन्हीकडे लागू पडायला हवं."

रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "महाराज, आठ नकोत. कालच्याएवढी एक केलीत तरी खूप झालं. माझी घागर सकाळपासून अर्धीच आहे."

कोणीतरी हसले. व्यापारी मात्र संतापला. "ही थट्टा खालच्या गरिबांच्या वस्तीत जाऊन करा. पोरांचं लेंढार तिकडे असतं. माझ्या घरात आठ झाले तरी कुणाला जेवायला कमी पडणार नाही."

"जेवायला नाहीच पडणार," आचार्य म्हणाले. "पण तो वरचा कडा पाहा, उघडा पडलाय तो. तिथलं सागवान तुमच्या माडीला लागलं. खालच्या वस्तीला ते पिढ्यान् पिढ्या पुरलं असतं. तेव्हा तुमच्या घरातले आठ म्हणजे वस्तीतले किती, ते तुम्हीच मांडा. हिशोबात तुम्ही माझ्यापेक्षा हुशार."

आता शिष्याला राहवेना. "आचार्य, ती माझी बहीण आहे. झऱ्याचं मागाहून पाहू. दोन शब्द म्हणून टाका आणि तिला घरी जाऊ द्या. नाहीतर हे लोक तिला इथेच सोडून जातील."

आचार्यांनी त्याच्याकडे पाहिले. "अरे, हे शब्द ज्यांनी रचले ते खुळे नव्हते. त्यांच्या काळी आठ जन्मायचे आणि दोन उरायचे. देवी यायची, पटकी यायची, दुष्काळ यायचा. आठ म्हणणाऱ्याच्या मनात दोनच असत; बाकीचा वाटा मरणाचा. आशीर्वाद कसला, मरणाशी केलेली घासाघीस ती! पुढे औषधं आली आणि मरणाने आपला वाटा सोडला. उत्तम झालं. कुठल्या आईचं मूल जावं असं मी म्हणणार नाही. पण वाटा सुटला आणि आकडा तसाच राहिला. आम्ही शहाण्यांनी पिढ्यान् पिढ्या त्याच्या नकला केल्या. मुळाशी ताडून कोणी पाहिलं नाही. आणि ज्याच्या जिवावर आम्ही आशीर्वाद वाटत होतो, त्या डोंगराला, त्या पाण्याला विचारायचं तर कुणाला सुचलंच नाही."

मग त्यांनी भामाच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते एवढेच म्हणाले, "सौभाग्यवती भव."

वरातीतल्या वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून पुष्कळ खल केला. अर्धा आशीर्वाद मिळालेल्या वधूला परत पाठवता येत नाही, पण पुढच्या दाराने घरातही घेता येत नाही, असा निर्णय झाला. भामा मागच्या दाराने सासरी गेली. काही दिवसांनी व्यापाऱ्याने एका फिरत्या बुवांना बोलावून राहिलेला आशीर्वाद पुरा करून घेतला. बुवा उदार होते. त्यांनी सोळा दिले.

शिष्य आश्रमातली कामे करी, पण आचार्यांशी कामापुरतेच बोले. एक दिवस तो कुंडावर गेला तेव्हा रांगेत भामा उभी होती. अर्ध्या आशीर्वादाच्या सुनेला पाणी भरण्याचे काम पूर्ण मिळाले होते.

"अजून रुसलायस त्यांच्यावर?" तिने विचारले.

"तुझं वाटोळं केलं त्यांनी."

"खोटं काय बोलले रे ते? मी रोज इथे उभी असते. मला नाही कळणार?" तिने घागर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतली. "पण दादा, सासऱ्यांनी आठ मागितले, आचार्यांनी नाही म्हटलं, तू गयावया केलीस. तिकडे वाकून वाकून माझी पाठ मोडली. तुमच्यातल्या एकाने तरी मला विचारलं का, बाई गं, तुला काय हवंय?"

शिष्य म्हणाला, "विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस?"

"आता सांगून काय करू? दिवस गेलेत मला. बुवांचा आशीर्वाद लागू पडला म्हणून घरात पेढे वाटले." रांग एका पावलाने पुढे सरकली आणि तीही सरकली.

शिष्याने हे सारे आचार्यांना जसेच्या तसे सांगितले. "पाण्याला विचारलं नाही म्हणून मी गावाला बोल लावला," ते म्हणाले, "आणि समोर वाकलेल्या मुलीला मी स्वतः विचारलं नाही. चुकलो."

पुढच्या लग्नात त्यांनी ही चूक सुधारली. वधू वाकली तेव्हा त्यांनी तिला हात धरून उभे केले आणि मृदू आवाजात विचारले, "मुली, तुला किती मुलं हवीत?"

मुलीने सासूकडे पाहिले. सासूने भुवई किंचित उचलली. पाठ केलेला धडा म्हणावा तसे मुलगी म्हणाली, "आठ."

वरातीने समाधानाने मान डोलावली. आचार्यांनी शिष्याकडे पाहिले, आणि ते काही बोलायच्या आतच शिष्याला कळले की हा प्रश्न मांडवात विचारण्याचा नाही. तो फार आधी विचारायचा असतो, आणि त्याचे उत्तर स्वतःच्या मनाने देता येईल इतके शिक्षण त्याच्याही आधी द्यायचे असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आश्रमाची ओसरी झाडली, पाट्या मांडल्या आणि गावातल्या लहान मुलींना अक्षरे शिकवण्यासाठी तो वाट पाहत बसला.

एकही आली नाही. सगळ्या पाण्याच्या रांगेत होत्या.