राखणदाराला पाजणारा झिलू

खाडीवर पूल नव्हता, मळेखारात घड्याळ कुणी पाहिलं नव्हतं आणि वेळ सांगायला भरती-ओहोटी पुरत होती, त्या काळची ही गोष्ट. फार वर्षं झाली. किती, ते विचारू नका. विचारलंत तर मी काहीतरी आकडा सांगेन आणि तुम्ही विश्वास ठेवाल.

मळेखार गाव खाडीच्या काठी, आणि गावाची भातशेती भरतीच्या पाण्याहून खाली. मधे मातीचा लांबलचक बांध. त्या बांधाला एक दार होतं, त्याला उघाडी म्हणत. ओहोटी लागली की दाराची फळी वर ओढायची, म्हणजे शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत जाई. भरती लागायच्या आत फळी खाली टाकायची, नाहीतर खाडीच शेतात येई. खारं पाणी एकदा आत शिरलं की ते भात तर गेलंच, पुढची दोन वर्षंही गेली. त्या एका फळीवर गाव जेवत होता.

ही फळी सांभाळणाऱ्याचं नाव झिलू. फळी फणसाच्या लाकडाची, दोघांनाही जड जाई, पण झिलू एकटा उचले. कुणी मदतीला पुढे आलं की म्हणे, "झिलूक कोणाचो हात नको." अंगात रेड्याचं बळ होतं, असं म्हणतात. आणि एवढ्या बळाच्या माणसाला काजूच्या दारूची बाटली मात्र खाली ठेवता येत नव्हती.

तो वाईट माणूस नव्हता. शुद्धीवर असला की भागीला, म्हणजे बायकोला, चुलीपाशी बसवून स्वतः लाकडं फोडून आणायचा. पण शुद्धीवर तो कमीच असायचा. गावाने त्याला शपथा घालून पाहिल्या. देवीच्या पायरीवर हात ठेवून त्याने शपथ घेतली, आईच्या नावाने घेतली, पोरांच्या डोक्यावर हात ठेवून घेतली, तुळशीला पाणी घालून घेतली. शपथ घेताना त्याचे डोळे भरून यायचे आणि ते पाणी खोटं नसायचं. चार दिवसांत बाटली परत यायची.

एके वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी गावाने त्याला पुन्हा देवळात नेलं आणि शपथ घ्यायला लावली. देवीसमोर घेतलेली शपथ, आता काय भीती? मळेखाराची माणसं भोळी, देवाचं नाव मधे आलं की निर्धास्त. सणाच्या दिवशी सगळा गाव नारळ घेऊन, वाजतगाजत खाडीच्या तोंडाशी गेला. बांधावर एकटा झिलू राहिला. गावाने समुद्राला हात जोडून नारळ वाहिला, आणि त्याच भर दुपारी समुद्र मागच्या दाराने गावात शिरला. माणसं परत आली तेव्हा पोटरीत आलेलं भात पाण्याखाली होतं आणि झिलू उघाडीच्या खांबाला टेकून घोरत होता.

पुढचे दोन पावसाळे शेतं पांढरी राहिली. गावाने कंदमुळं उकडून खाल्ली. झिलूला काढावं म्हणून गावच्या मानकऱ्याने, बुधाजी गावकराने, देवीला कौल लावला. देवीच्या मूर्तीवर दोन्ही बाजूंना फुलांच्या कळ्या चिकटवतात. उजवीकडची पडली तर ठेवा, डावीकडची पडली तर काढा. कळी उजवीकडची पडली. लोक चरफडले, पण कौल तो कौल. झिलू राहिला आणि गावकर मोठ्या भरतीला स्वतः बांधावर पहारा करू लागला.

झिलू घरी येऊन म्हणाला, "भागी, तुझ्या गळ्याची शपथ..."

भागीने त्याच्या तोंडावर हात ठेवला. "शपथ घेव नकात. तुमी शपथ घेतलात काय चार दिसांत बाटली परत येता. परत खारा पानी आत इला तर मी पोरांक घेवन म्हायेराक जातलंय. मगे माका शोधूक येव नकात."

शपथ हेच त्याच्याकडचं शेवटचं हत्यार होतं आणि तेही बायकोने काढून घेतलं. आता माणसाने करावं काय?

उघाडीच्या बाजूला बांधावर एक दगड होता. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता दगड. तो बांधाचा राखणदार. वर्षातून एकदा गाव त्याला कोंबडा आणि दारू द्यायचा. मग एका सकाळी झिलू भरलेली बाटली घेऊन त्याच्यापुढे बसला. बूच काढलं. हात तोंडाकडे गेला, खाली आला, परत तोंडाकडे गेला. गवत कापायला आलेली भागी लांबून पाहत होती, असं म्हणतात. शेवटी तो बाळंतिणीसारखा ओरडला, "माज्यान होणा नाय! आजची ही तू पी. आणि माका सांभाळ. सांभाळूचा नसात तर ह्या दारातसून खाडीत लोटून दी."

आणि बाटली त्याने दगडावर ओतली. उद्याचं काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, तिसऱ्या दिवशीही. मधले दिवस फार वाईट होते. त्याला हुडहुडी भरली, बांधावर साप दिसू लागले, तो दगडाला दोन्ही हातांनी मिठी मारून पडला आणि भागी त्याला पेज पाजत राहिली. गाव हसला. "झिलू आता राखणदाराक पाजता!" पण ओतलेल्या दारूचा एक थेंबही मातीत उतरत नव्हता, दगडच ती पीत होता, असं म्हणतात. महिन्याभरात दगड एका अंगाला कलला. बांधावरचे खेकडे आडवे चालायचे सोडून सरळ चालू लागले, असंही म्हणतात. मी खेकड्यांची खात्री देत नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात भात पुन्हा हिरवं झालं. आणि आषाढी अमावास्येला असं उधाण आलं की तसं कुणी पाहिलं नव्हतं. दुपारची वेळ, वारा उलटा, खाडी फुगून बांधाच्या कडेला लागली. झिलू वेळेवर फळीपाशी होता. पण फळी खाचेत अर्ध्यावर अडकली. त्याने वरून जोर लावला, छाती टेकवली, खांद्याने रेटली. फळी हलेना. खालून पाणी आत धावू लागलं. बुधाजी गावकर काठी घेऊन उभाच होता. त्याला वाटलं, हा पुन्हा प्यायला.

झिलूने फळी सोडली. दगडाला कपाळ टेकवलं. मग गावाकडे तोंड करून, जन्मात पहिल्यांदा, त्याने हाक मारली, "हात लावा रे! माज्यान एकट्यान होणा नाय!"

माणसं घराघरातून धावली. गावकराने काठी टाकून खांदा लावला, भागीने लावला, ज्यांची शेतं गेली होती त्यांनीही लावला. तरी फळी हलेना. तेवढ्यात मागून कुणीतरी असा रेटा दिला की सगळ्यांच्या पाठी थंडगार पडल्या. फळी धाडकन खाली बसली आणि पाणी थांबलं.

काजूच्या दारूचा भपकारा आला. गावकर गरकन वळला. "कोण रे तो पिवन इलेलो?"

सगळ्यांनी झिलूकडे पाहिलं. भागीने पुढे होऊन त्याचं तोंड हुंगलं आणि सगळ्यांसमोर रडायला लागली. "ह्येंचो नाय," ती म्हणाली. "ह्येंचो वास नाय."

मग कुणाचा होता? मागे बांधावर कुणी नव्हतं. फक्त दगड होता आणि तो ओला होता. गावकराने पागोटं काढून त्या दगडापुढे ठेवलं, असं म्हणतात.

झिलू पुढे पुष्कळ जगला आणि रोज बाटली ओतत राहिला. म्हातारपणी कुणीतरी विचारलं, "झिलूआजा, दारू कधी सोडलंस?" तो म्हणाला, "सोडलंय खंय? आजची तेका दिलंय. उद्याचा उद्या बगू." तो गेला त्या दिवशी घरात बाटली भरलेली होती. आधी भागी ती बांधावर घेऊन गेली आणि मगच प्रेत उचललं.

आज मळेखारात त्या दगडासमोर शपथ घ्यायला बंदी आहे. ज्याला दारू झेपत नाही तो लांबून लांबून येतो, बाटली ओततो आणि म्हणतो, "माज्यान होणा नाय." बाजूला जो कुणी असेल तो म्हणतो, "व्हय महाराजा!" किती दिवसांसाठी, असं कुणी विचारत नाही. आणि उघाडीची फळी गाव आजही अशाच माणसाच्या हाती देतो, जो त्या दगडापुढे बसून उठला आहे. बाहेरचे लोक म्हणतात, वेडे आहेत, सगळं भात दारुड्याच्या हवाली करतात. मळेखारकर ऐकून घेतात. पण उधाणाच्या दुपारी बांधावरून "हात लावा रे" अशी हाक आली की पानावर बसलेला माणूसही उष्ट्या हाताने धावत सुटतो.